आबांसाठी झाडं

घरात सरडा येणार आहे, हे लग्नाच्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याची मुलगी येईल असं सांगितलं होतं, आणि तेही 'कदाचित' लावून. तिची आई गेली तेव्हापासून ती मामाकडे राहत होती. आमचं लग्न झाल्यावर ती अधूनमधून यायची, दोन दिवस पाहुण्यासारखी राहायची, स्वतःचं ताट स्वतः घासायची आणि चपला दाराशी अशा लावून ठेवायची की पाय घातला की निघता यावं. या सुट्टीत मात्र ती बॅग, उशी आणि एक मोठी काचेची पेटी घेऊन आली. पेटीत सरडा होता. बागेत कुंपणावर दिसतो तसला काटकुळा नव्हे. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत पोचेल एवढा लांब, मातकट, पोटाने पसरट, आणि गळ्याखाली काट्यांची दाढी. नाव आबा.

"आबा आज जेवलेच नाहीत!" असं पोरगी बाहेरच्या खोलीतून मोठ्याने सांगायची. शेजारणीने मला जिन्यात गाठलं. "सासरे आलेत वाटतं राहायला?"

"हो," मी म्हटलं. "झुरळं खातात, दिवसभर दिव्याखाली पडून असतात आणि मला बघितलं की दाढी काळी करतात."

त्यानंतर तिने चौकशी केली नाही.

दाढी काळी करायचा तो खरंच. आपल्याला नको असलेलं कुणी जवळ आलं की सरड्याची ती जात तशी करते म्हणे. बापाला बघून करत नसे, पोरीला बघून तर नाहीच. मी पेटीजवळून केर काढत गेले की गळा फुगायचा आणि कोळसा व्हायचा. पोरगी ते बघत असे.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर वर आणि खाली, घरी आला की नुसता खाली. पोरगी आली त्या संध्याकाळी ती आंघोळीला गेल्यावर तो मला म्हणाला, "सुट्टी संपली की तिचं तीच ठरवणार आहे. इथल्या शाळेत नाव घालायचं की मामाकडे परत जायचं. मी काही बोलणार नाही. तू फक्त..."

"मी फक्त काय?"

"तिला इथे राहावंसं वाटू दे."

जसं काही ते माझ्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलंय आणि मी स्टूल घेऊन काढून द्यायचंय. पण त्याचा चेहरा बघून मी 'बरं' म्हटलं. हा माणूस आपल्या मुलीशी बोलताना घसा खाकरून सुरुवात करतो, हे मला तोवर दिसलं होतं.

माझी स्वतःची नोकरी झाडांची. झाडं लावण्याची नाही, भाड्याने देण्याची. बँका, दवाखाने, विम्याची ऑफिसं, सगळीकडे आमच्या कुंड्या असतात. ट्यूबलाइटच्या उजेडात आणि एसीच्या झोतात झाड महिन्याभरात मान टाकतं. मग मी ते उचलायचं, टेम्पोत घालायचं आणि त्याच्या जागी शेडमधलं टवटवीत ठेवायचं. ऑफिसातल्या लोकांना वाटतं, आपलं झाड किती वर्षं झाली तरी तसंच आहे. एक बाई तर रोज सकाळी त्याच्याशी बोलायची. मी तिला कधी सांगितलं नाही की हे तुमचं नववं असेल. एका हातात बादली, दुसऱ्या हातात फडकं, खांद्याला फवारा. लिफ्ट बंद असली की जिने. आणि लिफ्ट बंद असली की नवऱ्याची आठवण, तीही चांगल्या शब्दांत नाही.

तर एके दिवशी मी अशीच घरी येऊन पाय गरम पाण्याच्या टबात सोडून बसले होते. पोरगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ती मला कशानेच हाक मारत नसे. आई नाही, मावशी नाही, काकू नाही. नुसतं समोर येऊन उभी राहायची आणि मी बघेपर्यंत थांबायची.

"आबांच्या पेटीत झाडं हवी आहेत," ती म्हणाली. "नुसती वीट आणि वर्तमानपत्र आहे. मामाकडे मामी आणू द्यायची नाही, माती सांडते म्हणून. तुमच्याकडे कामावर असतात ना?"

आल्यापासूनच्या आठवड्याभरात तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी इतकी खूश झाले की पाय पुसायच्या आधीच बोलायला लागले. "अगं, त्यात काय! मनी प्लांट आणते, मस्त पसरेल. एक क्रोटन, रंगीत असतं..."

तिने फोनवर बघितलं. "मनी प्लांट विषारी. तोंड सुजतं."

"मग क्रोटन."

"विषारी."

"पीस लिली? शेफलेरा? डिफेनबॅकिया?"

"विषारी, विषारी, आणि याला तर खूपच विषारी लिहिलंय."

इतकी वर्षं मी ही पानं पुसतेय. बँकेतल्या मॅनेजरच्या टेबलाशी, दवाखान्यात आजारी माणसांच्या उशाशी नेऊन ठेवतेय. माझी नोकरी म्हणजे शहरभर विष वाटण्याची आहे, हे मला एका पंधरा वर्षांच्या पोरीने फोनमध्ये बघून सांगितलं. मला हसूच आलं. तीही हसली. मग चेहरा परत जागच्या जागी नेऊन ठेवला.

त्यानंतर रोज जेवणानंतर आम्ही दोघी बसायला लागलो. ती वाचायची, मी झाड डोळ्यापुढे आणून सांगायचे. पानफुटी दिसायला गोंडस, पण हृदय बंद पाडते, ती गेली. कण्हेरीचं तर नावही नको. शेराच्या जातीची सगळी बाद, कारण चीक. काट्यांची बाद, कारण आबांना कुठेही धडका देत चालायची सवय. कोरफडीवर आमचं भांडण झालं. एका ठिकाणी चालते लिहिलेलं, दुसऱ्या ठिकाणी जुलाब होतात म्हणून. शेवटी तिने ठरवलं, शंका आली की नकोच. नेचं बिनविषारी, पण त्याला ओल लागते आणि आबांना ओल सोसत नाही. दिव्याखाली काय तगेल ते मला कळत होतं, आबांच्या पोटात काय तगेल ते तिला. असं करत चार उरली. जास्वंद, ती तर त्यांनी खाल्ली तरी चांगलीच. स्पायडर प्लांट, पेटीच्या थंड बाजूला. बिनकाट्याचा निवडुंग, दिव्याच्या बाजूला. आणि जेडसारखं दिसणारं, पण जेड नसलेलं एक जाड बुटक्या पानांचं झुडूप, ज्यावर आबा चढून बसू शकतील.

दिवसभर ऑफिसांतून हिंडताना मी पानं पुसत मनात म्हणायचे, हे खाल्लं तर मरेल, हेही खाल्लं तर मरेल, हे खाल्लं तर नुसती उलटी. थकवा तेवढाच होता, पण आता त्यात काहीतरी करमणूक होती.

झाडं ठरली तरी लगेच आणता येत नव्हती, हे मी तिला समजावलं. आमच्या शेडमधल्या प्रत्येक कुंडीत औषध असतं. औषध म्हणजे कीड मारायचे दाणे, चमचाभर मुळाशी घालायचे. ते मुळातून चढतं आणि पानापानात मुरतं, मग नळाखाली कितीही धुवा, जात नाही. म्हणून मी त्या चार झाडांच्या फांद्या नि पिल्लं काढून साध्या मातीत लावली, शेडच्या मागे पाण्याच्या टाकीआड. जुनी पानं गळून नवी फुटली, तीही खुडून टाकली आणि पुन्हा फुटायची वाट बघितली. पोरगी रोज विचारायची, "किती आली?" मी फोटो काढून न्यायचे. कधीकधी वाटायचं, त्या पाण्याच्या टाकीआड माझंच काहीतरी लावलेलं आहे.

आता पॉलिशमावशीबद्दल सांगायला हवं. शेडमधली सगळ्यांत जुनी बाई. तिचा नियम असा की झाड फाटकाबाहेर निघालं की ते तिच्या हाताखालून जाणार. तेलाच्या फवाऱ्याने पान न् पान चमकवायचं, मुळाशी दाणे घालायचे, कुंडी पुसायची, मगच टेम्पोत. मालक आजारी पडला तेव्हा त्याला भेटायला नेलेली कुंडीसुद्धा तिने सोडली नव्हती. "आपल्या दारातून निघालेलं झाड कसं नटूनथटून जायला हवं," ती म्हणायची. तिला मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मावशी, ही माझी चार आहेत, सरड्याच्या घरात जायची आहेत. इथे असेपर्यंत यांना औषध नको." ती म्हणाली, "बरं बाई. तुझा सरडा, तुझं राज्य." आणि तिने खरंच हात लावला नाही. उलट उन्हात पाणी घालायची.

शनिवारी अर्धा दिवस असतो. मी सकाळी टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं होतं की येताना माझी चार झाडं घरी टाक. मला स्वतःला निघायला उशीर झाला. विम्याच्या ऑफिसात कुणीतरी कुंडीत कॉफी ओतली होती आणि तिथला साहेब ती कॉफी मीच ओतल्यासारखा माझ्याशी बोलत होता. त्याचं ऐकून, कुंडी बदलून, जिने उतरून मी घरी पोचले, तेव्हा माझ्या पोटऱ्यांत गोळे आले होते. दार उघडं होतं. पोरीने झाडं कुंडीतल्या मातीसकट पेटीत उतरवलीही होती. मातीवर मोठे गोल दगड रचले होते, म्हणजे आबांनी माती उकरू नये. जागाही बरोबर निवडल्या होत्या. निवडुंग दिव्याकडे, स्पायडर प्लांट लांब कोपऱ्यात. आबा त्या बुटक्या झुडपावर पुढचे दोन पाय टाकून, मान वर करून बसले होते. एखाद्या निवृत्त हेडमास्तरासारखे.

"बसा ना," पोरगी म्हणाली.

मी जमिनीवर बसले. उठताना त्रास होणार हे माहीत असूनही बसले. ती माझ्या शेजारी, गुडघे जवळ घेऊन. आबांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि दाढी काळी केली नाही. पोरीच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिने माझ्या दंडाला कोपर टेकवलं. मग आबा खाली उतरले, दगडांच्या फटीतल्या मातीला दोनदा जीभ लावली आणि जास्वंदीचं एक कोवळं पान तोडून सावकाश खाल्लं.

"खाल्लं!" ती कुजबुजली.

मी किती दमले होते आणि किती सुखात होते, ते मला सांगता यायचं नाही. तिथेच भिंतीला टेकून डोळे मिटावेसे वाटत होते. मिटलेही असते. पण दिव्याचा उजेड जास्वंदीच्या पानांवर पडला होता आणि पानं चकाकत होती. तेल लावून विंचरलेल्या केसांसारखी.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. साधं पाण्याने पुसलेलं पान असं चकाकत नाही. मी हात आत घालून एक पान बोटात धरलं. बोट बुळबुळीत झालं. आणि जिथे पॉलिश असतं तिथे दाणे असतातच, कारण पॉलिशमावशीचे दोन्ही हात बरोबर चालतात.

मी उठून मोरीत गेले आणि तिला फोन लावला.

"केली की तयारी!" ती मोठ्या आनंदाने म्हणाली. "अगदी नवरीसारखी पाठवली. दाणे तर दीड चमचा घातले. लेकीकडे जायची म्हटल्यावर कीड लागायला नको."

"मावशी, मी औषध नको म्हणाले होते ना!"

"इथे असेपर्यंत नको म्हणालीस. तेवढे दिवस मी हात तरी लावला का? आज निघालीच होती की." मग तिचा आवाज उतरला. "अगं बाई. काय झालं?"

मी फोन ठेवला. तिच्यावर ओरडायलाही अंगात त्राण नव्हतं. मोरीतल्या उलट्या बादलीवर बसून मी विचार केला, आणि खरं सांगते, विचार चांगला नव्हता. बाहेर जाऊन म्हणायचं, मुळं नीट बसली नाहीत गं, आज काढू, पुढच्या आठवड्यात पुन्हा लावू. पोरगी हिरमुसेल, पण विश्वास ठेवेल. माझ्या दंडाला टेकलेलं कोपर तसंच राहील. वाक्य जिभेवर तयार होतं. पण पान आबांच्या पोटात गेलं होतं, मातीला जीभ लागली होती, आणि समजा काही झालं तर डॉक्टरला काय सांगणार होते मी? आणि खोटं बोलायचं म्हणजे ते पुढे सांभाळायचं, आठवणीत ठेवायचं, त्याला रोज पाणी घालायचं. आणखी एक कुंडी नको होती मला. मी बाहेर आले.

"आबांना बाहेर काढ," मी म्हटलं. "झाडांना औषध घातलंय. आज दुपारी. मावशीने माझ्या नकळत घातलं, पण झाडं माझ्या भरवशावर आली. मी बघून घ्यायला हवं होतं."

तिला समजायला वेळ लागला. मग तिने आबांना उचललं आणि छातीशी धरून भिंतीपर्यंत मागे सरकली.

"तुम्हाला ते आवडतच नव्हते," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. तुम्ही शेजारच्या बाईंना काय सांगत होता ते मी ऐकलंय. तुम्हाला आम्ही दोघंही नको होतो!"

"ते नंतर भांडू. आधी दवाखाना."

ती रडत होती, पण हात तिचे थांबले नाहीत. तिने त्यांना टॉवेलमध्ये गुंडाळलं, बुटाच्या खोक्यात ठेवलं, मी रिक्षा थांबवली. अख्ख्या रस्त्यात ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मामाशी बोलली, फोनवर. "मला उद्या घेऊन जा," एवढंच. सुट्टी संपायला अजून आठवडा होता. मी मनाशी म्हटलं, संपलं. नवऱ्याला काय तोंड दाखवू?

प्राण्यांच्या दवाखान्यात एक बांधलेल्या पायाचा कुत्रा आणि टोपलीतलं मांजर आमच्या आधी होतं. काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "पेशंटचं नाव?"

"आबा."

"वय?"

"चार."

त्याने मान वर केली.

डॉक्टरीण तरुण होती आणि आमच्याइतकीच दमलेली. तिने आबांचं तोंड उघडून बघितलं, पाठीवर बोट फिरवलं, पाय ओढून बघितले. "काय खाल्लं?"

"एक पान खाल्लं. मातीला दोनदा जीभ लावली. कीड मारायचे दाणे मुळाशी दुपारीच घातलेत, दीड चमचा, वर पानांना तेलाचं पॉलिश," मी सगळं सांगितलं. कशाला काय मिसळलं तेही.

"पानात चढायला वेळ लागतो, ते बरं झालं," ती म्हणाली. "मातीतून काय गेलं तेवढंच बघायचं. लाळ, थरथर, मान वाकडी होणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच आणा. उबेत ठेवा. उद्या आपणहून खाल्लं तर सुटले म्हणा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "लोक इथे येतात आणि 'काही नाही हो, आपोआपच असं झालं' म्हणतात. नेमकं सांगितलंत, त्यामुळे मला उगाच सुया टोचाव्या लागल्या नाहीत."

पोरीने ते ऐकलं की नाही, कळलं नाही. तिचं लक्ष खोक्यात होतं.

घरी आल्यावर मी पेटी रिकामी केली. चारही झाडं, दगड, माती, सगळं पोत्यात भरलं, काच साबणाने धुतली. पोरीने वर्तमानपत्र अंथरलं, वीट ठेवली, दिवा लावला. काम करताना हाताला हात लागत होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. नवरा आला, त्याने सगळं ऐकलं आणि नुसता खुर्चीत बसून राहिला.

सकाळी आबांनी एक किडा खाल्ला. मग दुसरा. मग वाटीतलं गाजर. पोरगी किंचाळली तेव्हा मी पीठ मळत होते. मी धावत गेले, आणि पिठाच्या हातांनी दाराची चौकट धरून उभी राहिले. आबांनी मला बघितलं आणि दाढी अशी काळी केली की बघत राहावं. मी म्हटलं, करा बाबा, हवी तेवढी करा.

बॅग तिने आदल्या दिवशीच भरलेली होती. दुपारी मामा आला. सभ्य माणूस. आमच्या घरात पाऊल टाकताना तो नेहमी एकदा छताकडे बघतो, गळतंय का हे तपासल्यासारखं. भाचीला जवळ घेतलं, तिच्याकडून सगळं ऐकलं, आबांच्या पेटीत डोकावला, मग खुर्चीत बसून मला म्हणाला, "ताई, एक बोलू का? राग मानू नका. शेवटी झालं का काही? नाही ना! मग पोरीला सांगायची काय गरज होती? गुपचूप झाडं काढायची, काहीतरी कारण द्यायचं. आबांना काही झालं असतं तर तेव्हाचं तेव्हा बघितलं असतं. लहान जीव आहे. एवढा घोर कशाला लावायचा तिला?"

काल मोरीत बादलीवर बसून मी नेमकं हेच तर म्हणत होते.

"आईच्या वेळी तू असंच केलंस ना?" पोरगी म्हणाली.

ती पेटीशी उभी होती. आवाज मोठा नव्हता. मामाने तिच्याकडे बघितलं.

"शाळेची सहल होती," ती म्हणाली. "मी जात नव्हते. तू म्हणालास, जा गं, आई बरी होतेय, तू येशील तोवर घरी आलेली असेल. डबा तू भरलास. बाबा बसपर्यंत सोडायला आले. तुम्हा दोघांनाही माहीत होतं."

"तुला त्रास होऊ नये म्हणून..." मामा म्हणाला आणि थांबला.

"मी तिच्यासाठी शंख आणले होते," ती म्हणाली. "बसमधून उतरेपर्यंत हातात धरून बसले होते."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता आणि त्याने या वेळी घसासुद्धा खाकरला नाही. हे मला त्याने कधी सांगितलं नव्हतं. मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच्या वाकलेल्या मानेकडे बघून रडूही आलं. तिकडे आई जात असताना लेकरू निदान एक दिवस हसून घेऊ दे, असं वाटलं असेल त्यांना. मलाही वाटलं असतं. कालच वाटलं होतं.

"यांनी आबांना जवळजवळ मारलं होतं," पोरगी माझ्याकडे बोट करून मामाला म्हणाली. "पण पाच मिनिटांत बाहेर येऊन मला सांगितलं. मी किती वाईट बोलले, तरी पुन्हा डॉक्टरांनाही तेच सांगितलं." मग तिने नाक पुसलं. "मी इथे राहते, मामा. तुझ्यावर रागावून नाही. पण मी इथे राहते."

मामाने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "बरं." मी चहा टाकायला आत गेले, कारण मला कुठेतरी जायला हवं होतं. दूध उतू गेलं तरी मी बघत उभी राहिले.

तो गेल्यावर नवरा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेला, उभा राहिला, आणि मग आत गेला. मी कान दिला नाही. शपथेवर सांगते, दिला नाही. बाहेरच्या खोलीत बसून पोटऱ्या चोळत होते.

थोड्या वेळाने ती बाहेर आली, लाल डोळ्यांची. पेटीजवळ जाऊन उकिडवी बसली.

"परत पहिल्यापासून लावायची ना झाडं?"

"हो. फांद्या, साधी माती, सगळं. पुन्हा पानं खुडायची."

"कामावर नको. इथेच लावू. आपल्या खिडकीत."

"चालेल."

"उद्या माती आणायची?"

"उद्या नको," मी म्हटलं. "उद्या दोन बँका आणि तो कॉफीवाला साहेब आहे. उद्या माझ्यात दम नसेल."

"बरं," ती म्हणाली. "मग परवा."